माशासाठी बांगडी

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तरी गेल्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर मासा सोडून दुसरा विषय नव्हता. माझे यजमान विद्याधर विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. आयुष्यभर ज्या माणसाने नट-बोल्टशिवाय कशात जीव गुंतवला नाही, तो सकाळी चहाबरोबर विचारू लागला, "प्रमोदिनी, जाळ्याला गाठी असाव्यात की नसाव्यात?" मी सांगितलं, मी आयुष्यात एकच गाठ मारली आणि अजून तीच निस्तरते आहे, मला विचारू नका.

आम्ही बेंगळुरूत, महादेवपुऱ्यात राहतो. कॉलनी नवी, पण तिच्या मधोमध जुन्या गावाची दगडी कल्याणी, म्हणजे पायऱ्यांचं तळं आहे. चारी बाजूंनी पायऱ्या उतरतात आणि खाली हिरवं, खोल पाणी. पावसाळ्यात तिच्या एका अंगाच्या पायऱ्या खचल्या, म्हणून असोसिएशनने पाणी उपसून दुरुस्ती करायचं ठरवलं. ठराव मांडणारे सेक्रेटरी म्हणजे आमचेच यजमान. कल्याणीतले मासे होसकोट्याकडचा एक मासेवाला येऊन घेऊन जाणार होता. सगळं ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याच संध्याकाळी चंद्राबाई आमच्याकडे आल्या.

चंद्राबाई मूळच्या निपाणीकडच्या. लग्न होऊन बेंगळुरूत आल्या त्याला जन्म लोटला, पण मराठी बोलायला मिळालं की त्यांचा चेहरा खुलतो. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांच्या घरात मासे आवडीने खातात आणि रविवारी त्यांच्या खिडकीखालून जाताना मी श्वास धरून चालते, हे त्यांना माहीत आहे आणि त्या त्यावर हसतात. त्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. चहाला नको म्हणाल्या. कल्याणीतले बारके मासे खुशाल विका, त्यातले दोन मीच घेईन, पण तो मोठा कटला जिवंत राहायला हवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांच्या यजमानांनी, बसवंतरावांनी, तो मासा बोटाएवढा असताना पाण्यात सोडला होता. पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी पायऱ्यांवर बसून त्याला चुरमुरे घालायचे. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी रस्ते, मग मुलगा, मग बायको. शेवटची दोन वर्षं ते चंद्राबाईंना दवाखान्यातून पाठवलेली बाई समजायचे, 'अवो सिस्टर' म्हणायचे. कल्याणीवर जाणं तेवढं सुटलं नाही. तिथे पाण्यात पाय सोडून बसायचे आणि माशाला हाक मारायचे ती चंद्री म्हणून.

"माझं नाव त्या माशाला दिलं बघा, ताई," चंद्राबाई म्हणाल्या. "सवत हाय माझी ती. मला लई राग यायचा तिचा. पण आता माझं नाव त्येंच्या तोंडून ऐकलेलं तीच एक हाय. ती मेली की संपलं."

विद्याधर म्हणाले, "मी बघतो." आमच्या घरात 'मी बघतो'चा अर्थ फार वाईट आहे. स्वयंपाकघरातली एक फळी त्या दोन शब्दांवर कित्येक वर्षं तिरकी उभी आहे. पण या खेपेला त्यांनी खरंच बघितलं.

मासेवाल्याचं जाळं आधीच बाद झालं. ते नायलॉनचं, गाठींचं. विद्याधरांनी वाचून, फोन करून, डोकं खाऊन गोळा केलेली माहिती मला रोज तुकड्यातुकड्याने मिळत होती. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचं रोगांपासूनचं चिलखत. गाठींनी तो खरवडला जातो आणि मग मासा आठवड्याभराने मरतो, म्हणजे आपल्याला पुण्य लागल्यानंतर. छिद्रं मोठी असली तर पर अडकून फाटतात, फार बारीक असली तर जाळं पाण्यातून ओढताच येत नाही. शिवाय मोठा मासा पाण्यात असतो तोवर त्याला स्वतःचं ओझं नसतं. पाण्याबाहेर तो खोल पिशवीत मुडपून लोंबला की त्याच्याच वजनाने आतून इजा होते. त्याला आडवं झोपवूनच उचलायला हवं. इतकी काळजी या माणसाने माझ्या दोन बाळंतपणांत घेतली असती तर मी आजही गुण गायले असते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तेव्हा इंटरनेट नव्हतं.

मग पपईची परीक्षा सुरू झाली. चार प्रकारची जाळी घरात आली. प्रत्येक जाळ्यात एक पिकलेली पपई ठेवून विद्याधर ती हलवायचे, उचलायचे, हळूच आपटायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून सालीवरचे वळ बघायचे. गाठींच्या जाळ्याने पपईची जाळीदार चादर केली. सुती जाळं बरं होतं, पण भिजल्यावर जड झालं. शेवटी ज्याचे धागे रबरात बुडवलेले होते आणि गाठ एकही नव्हती, ते पास झालं. त्याची पिशवीही उथळ, तळाला सपाट. नापास पपया मी खाल्ल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या आणि तरी उरलेल्यांचा हलवा केला.

ते जाळं घेऊन आम्ही तिघं एका सकाळी कल्याणीवर गेलो. चंद्राबाईंनी रोजच्यासारखा स्टीलचा डबा दगडावर वाजवला. बसवंतराव गेल्यापासून त्या माशाला अशाच बोलावत होत्या, तोंडाने कधी नाही. स्वतःला स्वतःच्या नावाने कोण हाक मारणार? डबा वाजला तसा खालून एक काळसर पाठ वर आली. मी तो मासा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. चांगला सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा वजनदार, तोंड मोठं, खवले रुपयाएवढे. त्याने चुरमुरे ओढून घेतले आणि विद्याधरांनी त्याच्याखाली जाळं सरकवलं.

जाळं चांगलंच होतं, दगा दिला दांड्याने. लांब, हलका, ॲल्युमिनियमचा तो दांडा मासा पाण्याबाहेर येताच मधूनच वाकला. मासा एका बाजूला घरंगळला, त्याने शेपटीचा एक फटका मारला, जाळ्याच्या कड्याची खरखरीत कड त्याच्या कुशीवर घासली आणि तो पाण्यात पडला. वर तीन-चार खवले तरंगत राहिले. चंद्राबाईंनी त्यातला एक उचलून पदराच्या टोकात बांधला. त्या विद्याधरांना एक अक्षर बोलल्या नाहीत, त्यामुळे तर ते अधिकच पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ कमी असल्याचंही सांगितलं नाही. मला त्यांची कीव आली, आणि एवढ्या वर्षांत ती फार वेळा आलेली नाही.

पुढच्या सकाळी डबा वाजला, पण मासा वर आला नाही. त्यानंतरही नाही. डबा म्हणजे घात, हे त्याला एकदाच कळलं आणि पुरलं. इकडे सोमवारी पंप बसणार होते. पाणी गुडघाभर उरलं की मोठा मासा गाळातच गुदमरतो, असं मासेवाल्याने सांगून ठेवलं होतं. म्हणजे रविवार हाच काय तो दिवस.

आता दांडा सोडून द्यायचा आणि कडं भक्कम करून घ्यायचं, असं विद्याधरांच्या मनात होतं का? मुळीच नव्हतं. त्यांना फक्त न वाकणारं, गुळगुळीत, स्टीलचं जाळ्याचं कडं हवं होतं, दांड्यासकट. ते काम त्यांनी पीण्यातल्या महांतेशला सांगितलं. महांतेशचं छोटं वर्कशॉप आहे आणि कारखान्यात असताना विद्याधर त्याच्याकडून पार्ट करून घ्यायचे. विद्याधरांचा एक बाणा आहे, ज्या राज्याचं पाणी प्यायचं त्याची भाषा बोलायची. बाणा चांगला आहे, कानडी वाईट आहे. कारखान्यात सगळा जन्म इंग्रजी-हिंदीत गेला, भाजीवालीशी बोलायचं खातं माझ्याकडे. तरी त्यांनी ऐटीत आवाजी निरोप पाठवला, "दोड्ड मीनिगे ओंदु बळे बेकु." मोठ्या माशासाठी एक जाळं हवंय. स्टीलचं करा, साडेतीन फूट व्यासाचं, आणि तुंबा नुणुपु, अगदी गुळगुळीत.

कानडीत जाळ्याला बले म्हणतात. बळे म्हणजे बांगडी. आमच्या जाळ्यात ळ आहे, तेव्हा त्यांच्याही जाळ्यात असणारच, असा विद्याधरांचा हिशेब.

शनिवारी दुपारी महांतेश स्वतःच टेम्पो घेऊन आला. नव्या पंच्यात गुंडाळलेलं एक लखलखीत कडं त्याने दोन्ही हातांनी आमच्या दारात उतरवलं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. त्याने मीन म्हणजे मीनाक्षीअम्मन धरली होती. देवीला एवढी मोठी बांगडी, म्हणजे मूर्तीमागे उभी करायची असणार, असं समजून त्याने चप्पल काढून ते काम केलं होतं. जोड कुठे आहे ते डोळ्याला दिसत नव्हतं आणि बोटाला लागत नव्हतं. मी हसून हसून पायरीवरच बसले. बळे आणि बले मी त्या दोघांनाही समजावून सांगितलं. विद्याधर कानापर्यंत लाल झाले. महांतेशने थोडा वेळ कड्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सरी सार. मीनू कूडा देवरे." असू दे, मासासुद्धा देवच की.

हसू ओसरल्यावर मात्र मी दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि हातात एक बांगडी. तिला दांडा नाही, दांडा बसवायला जागा नाही. निरोपात व्यास होता, स्टील होतं, पॉलिश होतं, दांड्याचं नाव नव्हतं, कारण जाळ्याला दांडा असतो हे सांगायची गोष्ट आहे का, असं आमच्या साहेबांना वाटलं होतं. आता वेल्डिंग करायचं तर पुन्हा पीण्याला जा, पुन्हा कड खरखरीत होणार. विद्याधर सोफ्यावर डोकं धरून बसले. रबराच्या जाळ्याची पिशवी जुन्या कड्यावरून सोडवून मी ती नव्या कड्याला अडकवून बघत होते. हाताला चाळा म्हणून आत एक पपई टाकली आणि महांतेशला म्हटलं, तिकडून धर. आम्ही दोघांनी समोरासमोरून कडं उचललं. पपई तळाशी जशी होती तशीच पडून राहिली. डोलली नाही, घरंगळली नाही, मुडपायचा प्रश्नच नाही.

विद्याधर उठून उभे राहिले. त्यांनी आम्हाला कडं खाली करायला लावलं, पुन्हा उचलायला लावलं, तिरकं करायला लावलं. मग म्हणाले, दांड्याने उचललं की सगळं वजन एका टोकाला लोंबतं. चूक तिथेच होती. कडं दोन्ही अंगांनी धरायचं, पाण्यात आधीच बुडवून ठेवायचं, माशाच्या मागे धावायचंच नाही. तोच वर येईल, आणि आपण फक्त खालून हात द्यायचा. हे सगळं त्यांनी असं सांगितलं की जणू बांगडी त्यांनी मुद्दाम मागवली होती. मी ते श्रेय त्यांच्या पदरात टाकलं. पडलेला चेहरा बघण्यापेक्षा ही फुशारकी परवडली.

रविवारी ऊन यायच्या आत आम्ही कल्याणीत उतरलो. एका बाजूला विद्याधर, एका बाजूला महांतेश, दोघंही कमरेपर्यंत पाण्यात, आणि त्यांच्यामध्ये हातभर खोल बुडवलेलं कडं. काठावर टेम्पोत कल्याणीच्याच पाण्याने भरलेली मोठी टाकी आणि तिच्यात बुडबुडे सोडणारं यंत्र. फक्त मासा नव्हता. चंद्राबाईंनी चुरमुरे टाकले, ते भिजून बुडाले. डबा वाजवायचा नाही, असं ठरलं होतं.

बराच वेळ गेला. शेवटी मीच म्हटलं, "अक्का, मालक बोलवायचे तसं बोलवा ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, बोलून चुकले. ते शब्द त्यांनी बसवंतरावांमागे कधी उच्चारले नव्हते. विद्याधर हळूच म्हणाले की हवेतला आवाज पाण्यात फारसा जात नाही. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. चंद्राबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या, साडीचा काठ भिजला तरी पाण्यात पाय सोडून बसल्या, हाताच्या तळव्याने पाण्यावर थाप मारली. मग त्यांनी आवाज काढला तो त्यांचा नव्हताच. जाड, सावकाश, एखाद्या दमून घरी आलेल्या माणसाचा होता.

"चंद्रे, ये गं. आधी खाऊन घे. कामं काय पळून जात न्हाईत."

शेवटच्या शब्दावर त्या अडखळल्या. मला वाटलं, स्वतःचं नाव असं चारचौघांत घेतलं म्हणून संकोचल्या असतील. त्यांनी पुन्हा थाप मारली, पुन्हा तेच म्हणाल्या, पण या वेळी फार हळू.

खालून पाणी काळं झालं. मासा आला. चुरमुऱ्यांकडे नाही, सरळ त्यांच्या पायांशी आला, आणि तिथून वळताना अगदी कड्याच्या वर तरंगत थांबला. महांतेश आणि विद्याधर यांनी श्वास सोडावा इतक्या सावकाश कडं वर घेतलं. मासा आडवा झोपला. पिशवीत एकदा कल्ले उघडले, मिटले, शेपूट थोडी हलली, एवढंच. पायऱ्या चढून टाकीत सोडेपर्यंत त्याने एक फटका मारला नाही. कुशीवर पहिल्या खेपेची घासल्याची खूण होती, नवी एकही उमटली नाही. विद्याधरांनी ती खूण बघितली आणि डोळे पुसले. पाणी उडालं असं म्हणाले.

होसकोट्याच्या पुढे एका गावात देवळाचं मोठं तळं आहे. तिथे मासे धरायची रीत नाही. पुजाऱ्यांशी आधीच बोलणं झालं होतं. टेम्पोत चंद्राबाई टाकीला टेकून बसल्या होत्या. मी दोनदा त्यांना पाणी विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, मासा आपल्यापासून लांब जातोय म्हणून त्या तशा झाल्या. वाटलं, आपण त्याला जगवला खरा, पण अक्कांची सकाळ घेतली. आणि मला त्यात आपलीच चूक वाटायला लागली.

तळ्यावर पुन्हा तेच केलं. कडं पाण्यात बुडवलं, कड खाली केली, आणि मासा तसाच पिशवीत पडून राहिला. महांतेश त्याला ढकलायला निघाला, पण विद्याधरांनी त्याला थांबवलं, दमलाय, त्याला वाटेल तेव्हा जाऊ दे. काही वेळाने शेपूट हलली. एकदा, मग पुन्हा. मासा कड्यावरून पुढे झाला आणि पाण्यात नुसता एक मऊ वळसा राहिला. मग तोही गेला. पुरुष दोघं कडं घेऊन वर टेम्पोकडे गेले. चंद्राबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या रडतील म्हणून मी तयारीने बसले होते.

त्यांनी विचारलं, "ताई, माशाला कसली कामं असतात वो?"

मला समजलं नाही.

"ते म्हणायचे की रोज, आधी खाऊन घे, कामं काय पळून जात न्हाईत. दोन वर्षं. मी मागच्या पायरीवर डबा धरून उभी असायची. मला वाटायचं, माशाला म्हणत्यात." त्या पाण्याकडे बघत होत्या. "कारखान्यातनं आले की असंच म्हणायचे. मी भांडी घासत असायची, धुणं धूत असायची, आन् ताट वाढून घेऊन बसून ऱ्हायचे. मी गेल्याबिगर घास घ्यायचे न्हाईत. आज माझ्या तोंडनं ते शबूद आल्यावर मला कळलं. माशाला न्हाई वो, मला बोलवत होते. मासा आपला आला म्हनून आला."

मी त्यांचा हात धरला. थंड, ओला होता.

"नाव इसरले न्हवते," त्या म्हणाल्या. "आन् मी सवत सवत म्हणून मागं रुसून उभी. एकदा बी ओ दिली न्हाई."

अक्का, तुम्हाला कुठे माहीत होतं, असं काहीतरी पुटपुटले असेन. त्या रडत नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातून हात सोडवला आणि साडीचा काठ पिळला.

वरून विद्याधरांनी हाक मारली, ऊन झालं, चल म्हणून. त्यांच्या दोन-तीन हाका झाल्याशिवाय मी कधी उत्तर देत नाही, ती माझी जुनी खोड आहे. त्या दिवशी पहिल्याच हाकेला ओ दिली.